नवीन क्रूझ जहाजावर जेवणाची सोय कशी असते? सोलापूरहून ९ जण, आई-बाबा सोबत

सातरस्ता_८४ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. पुढच्या मे महिन्यात घरचे ९ जण क्रूझला जायचं ठरवायलोय. आई-बाबा, काका-काकू, आम्ही दोघं, भाऊ-वहिनी आणि भावाची ११ वर्षांची मुलगी. आई-बाबांच्या लग्नाला ५० वर्षं होतात त्यानिमित्त. बार्सिलोनाहून निघून ७ रात्री फिरून परत बार्सिलोना. एजंटनं जे जहाज सुचवलंय ते अजून पाण्यात उतरायचंय, एप्रिलमध्ये सुरू होणार म्हणे, म्हणजे आपण जाऊ तेव्हा जेमतेम महिना झालेला असणार. तो म्हणतो सगळं कोरं करकरीत मिळेल, घ्याच.

माझी काळजी जेवणाची आहे. बाबा ७६ चे, शुगर आहे, इन्सुलिन चालू आहे, जेवणाची वेळ चुकून चालत नाही. आई कांदा-लसूण बारा महिने खात नाही. फॉर्ममध्ये दोन पर्याय आलेत, एक ठरलेल्या वेळेला ठरलेल्या टेबलावर जेवण आणि दुसरा 'एनी टाइम', म्हणजे कधीही जा जागा असेल तिथं बसा. एजंट म्हणतो एनी टाइम घ्या, मोकळे राहता. कोणी नवीन जहाजावर जाऊन आलंय का? खरं काय ते सांगा, ९ जणांचे पैसे लागणार आहेत आणि आई-बाबांना परत परत नेणं काय होणार नाही.

गड्ड्याचा_पाळणा

आम्ही मुंबई-गोवा केली होती कॉर्डेलिया कंपनीच्या एम्प्रेस जहाजावर. वंदे भारतनं सकाळी ६ ला निघायचं, दुपारी साडेबाराच्या पुढं सीएसएमटी, पण आम्ही रिस्क नको म्हणून आदल्या रात्रीच्या सिद्धेश्वरनं गेलो. जेवण एक नंबर, जैन पण मिळतं, आमच्या सासूबाई निवांत जेवल्या. ते जहाज १९९० सालचं आहे बरं का, नवीन अजिबात नाही, पण जेवणात कुठं अडलं नाही. हात बसलेले लोक होते सगळे.

होटगीरोडकर

सातरस्ता, मी सविस्तर लिहितो कारण मी नेमकी तीच चूक केलीय. जहाज सुरू होऊन दीड महिना झाला होता तेव्हा आम्ही गेलो, मी, बायको आणि माझी आई. कंपनीचं नाव लिहीत नाही, त्याचा इथं उपयोग पण नाही, कारण जे झालं ते कुठल्याही नवीन जहाजावर होऊ शकतं असं मला नंतर कळलं. आम्ही एनी टाइम घेतलं होतं.

पहिल्या दिवशी दुपारी चढलो तर अख्खं जहाज वरच्या डेकवरच्या बुफेला. ताट हातात घेऊन जागा शोधत फिरायलोय, आईला एका खांबाजवळ उभी करून ठेवलेली. तिथं नंतर एकानं सांगितलं की खाली मोठं डायनिंग हॉल पण दुपारी उघडं होतं आणि अर्धं रिकामं होतं, आम्हाला कुणी बोललंच नाही. संध्याकाळी ॲपवर टेबल बुक करायला बसलो तर साडेसहा फुल्ल, सात फुल्ल, एकदम सव्वानऊ दाखवतंय. बुकिंग न करता गेलो तर दारात रांग, हातात एक पेजर देतात, तो थरथरला की आत जायचं. ४० मिनिटं उभं राहिलो. बसायला दोन खुर्च्या, त्यावर आधीच आजी-आजोबा बसलेले.

आत गेल्यावर काय बघितलं ते सांगतो. टेबल डुगडुगत होतं, पोरानं नॅपकिनची घडी घालून पायाखाली सारली. ऑर्डर टॅबलेटवर घ्यायला लागला, तीनदा दाबलं, चाक फिरत राहिलं, शेवटी खिशातून कागद काढून पेननं लिहून घेतलं. किचनचं दार आपोआप उघडणारं होतं ते उघडेना, वेटर खांद्यावर झाकणं घातलेल्या आठ-दहा प्लेटांचा ट्रे घेऊन दारापुढं उभा, मग आतून कुणीतरी ढकललं. जेवण आलं तोवर कोमट. आणि मी त्या पोरांना एक शब्द बोललो नाही कारण त्यांच्या तोंडाकडं बघवत नव्हतं, घामानं कॉलर भिजलेली.

पण खरा त्रास पुढं. आईला कांदा चालत नाही हे आम्ही फॉर्ममध्ये लिहिलं होतं, पहिल्या दिवशी वेटरला सांगितलं, त्यानं नीट लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी दुसरं टेबल, दुसरा वेटर, पुन्हा पहिल्यापासून. तिसऱ्या दिवशी तिसरा. त्या दिवशी सूप आलं, आईनं एक चमचा घेतला आणि ठेवून दिला, काही बोलली नाही. मी चाखून बघितलं तर कांदा. आई त्या रात्री दोन केळी खाऊन झोपली. पाच महिने वाट बघितलेली ट्रिप आणि आई केळी खाऊन झोपली हे मला अजून टोचतं.

चौथ्या दिवशी मी तिथल्या मोठ्या हेडवेटरला गाठलं, गोव्याचे गृहस्थ निघाले, साठीच्या आतबाहेर. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले तुम्ही ठरलेल्या वेळेवर या, मी टेबल देतो, रोज तेच. आणि आईला म्हणाले, 'आई, उद्या काय खाणार ते आज रात्री सांगायचं.' तिथून पुढं तीन रात्री जेवण सुरेख. तोच वेटर, त्याला दुसऱ्या दिवशीपासून आईला कोमट पाणी लागतं हे न सांगता माहीत. किचन तेच होतं, टॅबलेट तसलेच बिघडलेले, फरक एवढाच की आम्ही कोण आहोत हे एका माणसाला माहीत झालं होतं.

सातरस्ता_८४

बाप रे. वाचून पोटात कालवलं. हे एजंट सांगत नाहीत.

पार्कचौक_ट्रॅव्हलर

होटगीरोडकर, वाईट वाटलं वाचून. पण एनी टाइमला सरसकट नाव ठेवू नका. आम्ही दोघं नवरा-बायको तीनदा गेलोय, दोनदा एनी टाइम घेतलं आणि आवडलं. बंदरावरून परत यायला उशीर झाला, पळापळ नाही. कधी भूक नाही, नुसतं सूप पिऊन आलो. ठरलेल्या टेबलावर अनोळखी लोकांसोबत सात दिवस बसायचं आणि त्यांच्याशी जमलं नाही तर? ती पद्धत जुन्या काळातली आहे, लोकांना सुट्टीत घड्याळ नको असतं, म्हणून तर २००० च्या आसपास नॉर्वेजियन क्रूझ कंपनीनं 'फ्रीस्टाइल' काढलं आणि मग बाकीच्यांनी पण आपापले तसे पर्याय दिले.

पण हो, ती तिन्ही जहाजं पाच-सात वर्षं चालू असलेली होती. नवीनचा अनुभव मला नाही.

गॅलीतला_सोलापूरकर

मी ११ वर्षं जहाजावर किचनमध्ये होतो (तिथं किचन म्हणत नाहीत, गॅली म्हणतात). दोन नवीन जहाजं यार्डातून (जहाज बांधतात तिथून) बाहेर काढताना टीममध्ये होतो. आता इथंच जुळे सोलापूरला केटरिंग करतो. होटगीरोडकरांनी जे बघितलं ते मी दाराच्या आतल्या बाजूनं बघितलंय, म्हणून लिहितो, जरा लांबेल.

नवीन जहाजावर पहिली गोष्ट ही की स्वयंपाक्यांना स्वयंपाक येतो, वेटरला वाढता येतं, पण त्या जहाजावर एकत्र काम कुणीच केलेलं नसतं. दहा जहाजांवरून उचलून आणलेली माणसं. आम्ही यार्डात गेलो तेव्हा ओव्हनवरचं प्लॅस्टिक निघालेलं नव्हतं आणि जमिनीवर पुठ्ठे अंथरलेले, एका बाजूला वेल्डिंग आणि दुसऱ्या बाजूला आम्ही चमचे मोजायलोय. पाहुणे चढायच्या आधी सराव होतो, कंपनीचे लोक, निमंत्रित, एजंट यांना घेऊन छोट्या सफरी होतात. पण ५०० माणसांचा सराव आणि ५००० माणसांची खरी रात्र यात जमीन-अस्मानाचा फरक. आपल्याकडं घरच्या हळदीचं जेवण आणि लग्नाची पंगत यात असतो तसा.

दुसरी गोष्ट कुणाच्या लक्षात येत नाही. रोज किती काय लागणार हे गॅली अंदाजानं बनवत नाही, मागच्या सफरींच्या नोंदीवरून बनवते. तिसऱ्या रात्री माशाला किती मागणी, पावसाळी दिवशी सूप किती जास्त, बंदराच्या दिवशी पहिल्या पाळीला किती लोक येत नाहीत, सगळं लिहिलेलं असतं. जुन्या जहाजाकडं अशी वर्षानुवर्षांची वही असते. नवीन जहाजाची वही कोरी. मग एक पदार्थ साडेसातला संपतो आणि दुसरा टोपभर उरतो. संपलेला परत करायचा म्हणलं तर माल खाली दोन नंबर डेकवरच्या कोल्डरूममध्ये, गॅली चार नंबरवर, आणि मालाची लिफ्ट बंद पडली की पोरं जिन्यानं क्रेट वाहतात. मी वाहिलेत.

तिसरं म्हणजे यंत्रं. जहाजावर आगीच्या भीतीनं गॅस नसतो, सगळं विजेवर, इंडक्शन, स्टीमचे मोठे केटल. एका भागाची वीज ट्रिप झाली की तिथल्या शेगड्या गार. आणि सगळ्यात मोठा घात भांडी धुवायच्या बेल्टचा. तो अर्धा तास थांबला की जेवण तयार, वाढायला प्लेट नाही. बाहेर पाहुण्याला वाटतं स्वयंपाक झाला नाही.

आता एनी टाइम का बिघडतं ते ऐका. ठरलेल्या दोन पाळ्या असल्या, समजा ६ आणि सव्वाआठ, की गॅलीला माहीत असतं ६ वाजून १० मिनिटांनी एवढी स्टार्टर जाणार, ६:३५ ला एवढी मुख्य ताटं. पंगत बसल्यासारखं. वाढप्याला पंगत झेपते कारण सगळे एकाच वेळी एकाच पदार्थावर असतात. एनी टाइमला कुणी सूपवर, कुणी आइस्क्रीमवर, आणि सात ते साडेआठ सगळं जहाज एकदम दारात. हे जमतं, पार्कचौक म्हणतात तसं छान जमतं, पण माणसं मुरल्यावर. सहा महिने तरी जाऊ द्यावेत असं माझं मत.

आणि आईंच्या कांद्याचं. ग्रेव्हीचा बेस सकाळीच मोठ्या केटलमध्ये होतो, त्यात कांदा-लसूण पडलेलं असतं. रात्री टेबलावर बसून सांगितलं 'कांदा नको' तर वेटर आत येऊन शेफला सांगणार, शेफकडं त्या क्षणाला बिनकांद्याचं काही नसणार, मग उकडलेल्या भाज्या येणार. म्हणून आदल्या रात्री सांगायचं. ती चिठ्ठी सकाळी आमच्याकडं येते, आम्ही वेगळ्या छोट्या पातेल्यात करतो, टेबल नंबर लावून ठेवतो. टेबल नंबर! एनी टाइमवाल्याला टेबल नंबरच नसतो. चिठ्ठी लावायची कुणाला?

रेल्वेलाईन्स_वाचक

फार मोलाचा प्रतिसाद, गॅलीतले दादा. यात थोडी माहिती जोडतो, मला या विषयाची जुनी आवड आहे.

मोठमोठ्या कंपन्या यात ठेचकाळल्यात. रॉयल कॅरिबियननं २०१४ ला क्वांटम ऑफ द सीज हे जहाज काढलं तेव्हा नेहमीचं एकच मोठं डायनिंग हॉल ठेवलंच नाही, त्याऐवजी चार वेगवेगळी रेस्टॉरंट्स केली, पैसे जादा नाहीत, पण रोज कुठं आणि कधी हे आपण बुक करायचं. 'डायनॅमिक डायनिंग' नाव होतं. कागदावर सुंदर. प्रत्यक्षात रांगा आणि बुकिंगचा गोंधळ, लोकांनी इतकी तक्रार केली की आधी त्यात ठरलेल्या वेळेचा प्रकार आणला आणि नंतर सगळंच गुंडाळून जुन्या पद्धतीवर परत आले. विचार करा, जगातल्या सगळ्यात अनुभवी कंपन्यांपैकी एक.

मला सगळ्यात आवडलेली पद्धत डिस्नेची. १९९८ पासून त्यांच्या जहाजांवर पाहुणे रोज वेगळ्या रेस्टॉरंटमध्ये जातात पण वेटर तेच, ते पाहुण्यांसोबत फिरतात. म्हणजे जागा बदलली तरी ओळख तुटत नाही. होटगीरोडकरांनी शेवटी जे लिहिलं तेच तर.

नव्या जहाजाचे त्रास काही आजचे नाहीत. क्यूई२ (क्वीन एलिझाबेथ २, ब्रिटनचं गाजलेलं प्रवासी जहाज) टर्बाइनच्या, म्हणजे इंजिनाच्या दोषामुळं कंपनीनं ताब्यात घ्यायला नकार दिला होता, ते मे १९६९ ला एकदाचं पहिल्या सफरीला निघालं. त्याच जहाजाचं १९९४ ला मोठं नूतनीकरण केलं, काम अपुरं असताना डिसेंबरमध्ये प्रवासी घेऊन निघाले, कामगार जहाजावरच काम करायलेत आणि प्रवासी पैसे भरून बसलेत. भरपाई द्यावी लागली नंतर.

आणि सातरस्ता, एप्रिलची तारीख गृहीत धरू नका. सिंगापूरहून सुटणारं डिस्ने ॲडव्हेंचर १५ डिसेंबर २०२५ ला निघणार होतं, ते १० मार्च २०२६ वर ढकललं. त्या जहाजाची तर मोठी कथा आहे, बांधणारं जर्मन यार्डच २०२२ ला दिवाळखोरीत गेलं आणि अर्धवट जहाज डिस्नेनं घेतलं. नव्या जहाजाच्या पहिल्या महिन्यांतलं बुकिंग म्हणजे विमानाचं तिकीट परतावा मिळणारंच काढावं लागतं.

बाळीवेस_ताई

आम्ही जैन, सासूबाईंचं चौविहार असतं, सूर्य मावळल्यावर पाणीसुद्धा नाही. म्हणून मी क्रूझ निवडताना आधी सूर्यास्त बघते, मग जहाज. डिसेंबरात मुंबईहून गेलात तर सहाच्या सुमारास मावळतो, तेव्हा डायनिंग हॉल उघडायच्या आतच जेवण व्हायला पाहिजे, आधी बोलून ठेवावं लागतं. सिंगापूरला वर्षभर सातच्या आसपास. आणि बार्सिलोनाला मे महिन्यात चक्क रात्री नऊ वाजता. तिथं पहिली पाळी घेतली तर सासूबाई उजेडात आरामात जेवतात, आम्ही दोन वर्षांपूर्वी केलंय.

सातरस्ता भाऊ, अजून एक. नुसतं 'व्हेज' लिहू नका. काही ठिकाणी व्हेज सूप चिकनच्या पाण्यात केलेलं असतं आणि त्यांना त्यात काही वावगं वाटत नाही, अंडं तर सर्रास. 'इंडियन व्हेजिटेरियन, अंडं नाही, कांदा नाही, लसूण नाही' असं सगळं वेगवेगळं लिहा. आणि बुकिंगच्या वेळी लिहिलं तरी चढल्यावर तोंडानं परत सांगा.

सातरस्ता_८४

ताई, दादा, होटगीरोडकर, तुम्हा सगळ्यांचे किती आभार मानू. बायकोला मोठ्यानं वाचून दाखवलं सगळं. आता मन पहिल्या पाळीकडं झुकलंय. पण ६ वाजता बाबा जेवतील का? घरी त्यांचं जेवण ८ चं आहे, वर्षानुवर्षं.

गॅलीतला_सोलापूरकर

घड्याळ लावून बघा. मे महिन्यात बार्सिलोना आपल्यापेक्षा साडेतीन तास मागं. तिथले ६ म्हणजे सोलापुरात रात्रीचे साडेनऊ. दुसरी पाळी सव्वाआठची, म्हणजे इथले पावणेबारा. पहिले दोन-तीन दिवस शरीर सोलापूरच्या घड्याळावर असतं, त्यामुळं बाबांना ६ ला भूक लागलेलीच असेल, उलट उशीरच वाटेल. इन्सुलिनच्या वेळा कशा सरकवायच्या हे मात्र निघायच्या आधी त्यांच्या डॉक्टरांनाच विचारा, आमच्यासारख्यांचं ऐकू नका.

खोलीतला छोटा फ्रीज बऱ्याचदा नुसता गारवा देतो, औषधाइतका थंड नसतो. 'मेडिकल फ्रीज' म्हणून आधी मागणी नोंदवा. आणि खिशात काहीतरी खायला कायम, रांग लागली, ताट उशिरा आलं तरी बाबा थांबायला नकोत. सील केलेली पाकिटं सहसा चालतात, घरचा डबा चालत नाही, आणि बंदरावर उतरताना जहाजातलं खाणं बाहेर न्यायचं नाही, काही देशांत दंड बसतो. इलेक्ट्रिक किटली घेऊन जाऊ नका, बहुतेक ठिकाणी तपासणीत काढून ठेवतात.

होटगीरोडकर

खोली घेताना डेकचा नकाशा बघा, बुफेच्या बरोबर खालची घेऊ नका. सकाळी पाचपासून खुर्च्या ओढल्याचा आवाज. आमची तीच होती.

सातरस्ता_८४

अपडेट देतो. नवीन जहाज सोडलं. त्याच कंपनीचं त्याच घडणीचं दुसरं जहाज आहे, दोन वर्षं झालीत चालू होऊन, तेही बार्सिलोनाहूनच, तारीख आठवडाभर पुढं गेली एवढंच. एजंट थोडा नाराज झाला पण मी त्याला गॅलीतल्या दादांचा कोऱ्या वहीचा मुद्दा सांगितला, तो गप्प बसला आणि म्हणाला हे मला पण माहीत नव्हतं. पहिली पाळी ६ ची मिळालीय. ९ जण एका टेबलावर मागितलेत, १० चं गोल टेबल मिळू शकतं पण पक्कं चढल्यावरच कळेल म्हणाले. आईचं ताईंनी सांगितलं तसं चार ओळींत लिहिलं. मेडिकल फ्रीजची नोंद झाली. काका-काकूंना मासे-मटण त्याच टेबलावर मिळेल ना? आईला शेजारी चालतं, ताट वेगळं असलं म्हणजे झालं.

गॅलीतला_सोलापूरकर

मिळेल की, ताटं वेगळीच येतात. आता शेवटचं एक काम लक्षात ठेवा. चढल्या दिवशी दुपारी, सेफ्टी ड्रिल झालं की लगेच, पोहायला-बिहायला न जाता डायनिंग हॉलच्या दारात जा. टेबलं बदलून देणारा मोठा हेडवेटर तेव्हा तिथं यादी घेऊन बसलेला असतो. आईंना सोबत घेऊन जा, नुसते तुम्ही जाऊ नका. माणूस समोर बघितला की नाव लक्षात राहतं. टेबल किचनच्या दाराजवळचं असेल तर बदलून मागा, तिथं गडबड फार. बाबांना चालायला त्रास असेल तर लिफ्टजवळचं मागा. आणि पहिल्याच रात्री दुसऱ्या दिवसाचं जेवण सांगून उठा.

सातरस्ता_८४

लिहून घेतलं दादा, वहीतच लिहिलंय. आईला सगळं समजावून सांगितलं, तिला बाकी कशाचं काही नाही, तिनं एकच विचारलं की जेवणानंतर ताक मिळेल का.

गॅलीतला_सोलापूरकर

तयार ताक मिळेलच असं नाही, पण साधं दही नाश्त्याला बुफेवर रोज असतं. वेटरला पहिल्या रात्रीच सांगा, रोज जेवणाला एक वाटी साधं दही आणि ग्लासभर पाणी आणून ठेवेल, मीठ टेबलावर असतंच. आईंना म्हणावं भाजलेल्या जिऱ्याच्या पुडीचं एक सीलबंद पाकीट बॅगेत टाका. मी कितीतरी जणांना असं करून दिलंय.

बाळीवेस_ताई

आणि शेंगाचटणीचं पण एक पाकीट टाका, सीलचं.